कोविडमध्ये बंद केलेल्या संधिवाताच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या?

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नऊ वर्षांपासून मला रुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम, एवढ्यावर सगळं नीट चाललं होतं. यंदा जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर घरात सगळ्यांना ताप आला. माझी आणि मिस्टरांची कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली. दीर म्हणाले, ‘या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मरते, आधी त्या बंद करा.’ त्याच दिवशी सगळ्या गोळ्या थांबवल्या. ताप चार दिवसांत उतरला, पण आता तीन महिने होत आले तरी गोळ्या पुन्हा सुरू करायची हिंमत होत नाही. सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात. बोटं सुजली आहेत, सकाळी दोन तास मूठ वळत नाही, खडू धरवत नाही. मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या, दिवसातून तीनदा घ्यायच्या. त्या घेतल्या की अगदी मोकळं वाटतं. ईएसआर (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ७८ आला आहे. सगळे म्हणतात, कोविड अंगात मुरलाय. माझ्यासारखीला कोविडचा धोका जास्त असतो का? गोळ्या सुरू केल्या आणि पुन्हा कोविड झाला तर? मिस्टरांचे गुडघेही तेव्हापासून दुखतात. त्यांनाही हाच आजार झाला असेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर :

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी त्या पुडीबद्दल बोलू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली.

सुजलेले सांधे काही तासांत मोकळे करणारी, नाव नसलेली स्वस्त गोळी म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं आणि जोडीला एखादं वेदनाशामक. अशा पुड्या घेऊन येणारे रुग्ण आमच्याकडे नेहमीचेच. पट्टीतून सुट्या काढलेल्या गोळ्या असतात. एक इवलीशी पांढरी, एक पिवळी, कधी एखादी कॅप्सूल. कागदावर ना नाव असतं, ना मात्रा. ती इवलीशी गोळी बऱ्याचदा बेटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनची निघते. अर्ध्या मिलिग्रॅमची दिसते म्हणून हलकी समजू नका. तिची ताकद प्रेडनिसोलोनच्या ४ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. तुमच्या पुडीत तीच असेल आणि दिवसाला तीन जात असतील, तर पूर्वीच्या ५ मिलिग्रॅमऐवजी तुम्ही आज १२ मिलिग्रॅमच्या घरात आहात. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता ‘पुडी वाईट’ एवढंच ऐकून ती उद्यापासून फेकून देऊ नका, त्यातही धोका आहे. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं स्टेरॉइड त्या स्वतः तयार करतात. बाहेरून महिनोन्‌महिने स्टेरॉइड मिळत राहिलं की त्या काम थांबवतात. मग गोळी अचानक बंद झाली तर शरीराला ऐनवेळी स्टेरॉइड मिळत नाही आणि प्रचंड अशक्तपणा येतो, मळमळतं, उभं राहिलं की अंधारी येते, रक्तदाब घसरतो. अंगात ताप असताना हे घडलं तर जिवावर बेतू शकतं, कारण आजारपणात शरीराला स्टेरॉइडची गरज नेहमीपेक्षा जास्त असते. जूनमध्ये तुम्ही नऊ वर्षांच्या आजारातली रोजची प्रेडनिसोलोन तापाच्या पहिल्याच दिवशी बंद केलीत. तुम्ही त्यातून सुखरूप निभावलात याचा मला खरंच आनंद आहे, पण तसं पुन्हा कधीही करू नका. ती पुडी उरलेल्या गोळ्यांसकट तुमच्या संधिवाततज्ज्ञांसमोर ठेवा. किती दिवस घेतल्या, रोज किती, हे लपवू नका. ती किती आणि कशी कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील. ही भेट याच आठवड्यात व्हायला हवी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न, धोका जास्त असतो का.

२०२० च्या मार्चमध्ये हाच प्रश्न जगभरच्या संधिवाततज्ज्ञांच्या झोपा उडवत होता. आमचे हजारो रुग्ण प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं घेत होते आणि समोर एक नवा विषाणू होता. तेव्हा अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्स’ उभी केली. कोविड झालेल्या आपापल्या संधिवात रुग्णांची माहिती डॉक्टर तिथे नोंदवू लागले. काही आठवड्यांतच ४० देशांतल्या पहिल्या ६०० रुग्णांचा हिशेब हाती आला. त्यातल्या ४६ टक्क्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं आणि ९ टक्के दगावले होते. आकडे भीतीदायक आहेत. पण नोंद डॉक्टर स्वतःहून करत होते, म्हणून गंभीर रुग्णच तिथे जास्त पोचले. घरच्या घरी बरे झालेले कितीतरी त्या यादीत आलेच नाहीत. शिवाय तेव्हा लस नव्हती आणि विषाणूही आजच्याहून घातक होता.

त्या नोंदींचं खरं मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये रुग्णालयात जावं लागण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. टीएनएफ हा दाह वाढवणारा घटक रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये ती उलट कमी दिसली. पुढे २०२१ मध्ये ३,७२९ रुग्णांचा अभ्यास आला. मृत्यूशी कशाकशाचा संबंध दिसतो, हे त्यात तपासलं होतं. वय, पुरुष असणं, रक्तदाबाच्या जोडीला हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, रोजचं १० मिलिग्रॅमच्या वरचं स्टेरॉइड आणि सलाइनमधून दिलं जाणारं रिटुक्सिमॅब ही नावं त्यात ठळक होती. आणखी एक गोष्ट होती आणि ती खास तुमच्यासाठी आहे. ज्यांचा संधिवात काबूत नव्हता, त्यांच्यातही मृत्यूचं प्रमाण संधिवात शांत असलेल्यांपेक्षा जास्त होतं.

तुमची जूनमधली स्थिती यात मांडून बघा. वय ४७, मेथोट्रेक्सेट चालू, एचसीक्यू चालू, स्टेरॉइड फक्त ५ मिलिग्रॅम, आजार शांत. धोक्याच्या यादीतलं जवळजवळ काहीच तुमच्याकडे नव्हतं. मधुमेह, रक्तदाब किंवा फुप्फुसाचा त्रास तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. नसेल, तर तुमचा धोका तुमच्या वयाच्या कोणत्याही बाईपेक्षा फार वेगळा नव्हता. आजची स्थिती मात्र वेगळी आहे. संधिवात उसळलेला आहे आणि पोटात बहुधा १० मिलिग्रॅमच्या वर स्टेरॉइड जातंय. कोविडच्या भीतीने तुम्ही गोळ्या सोडल्यात आणि कोविड ज्यांना जड जातो त्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलात. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये. तुम्हाला ही माहिती वेळेवर कुणी दिली नाही.

तुमच्या दिरांची भीती कुठून आली, तेही मला कळतं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे त्या दोन वर्षांत आपण इतकं ऐकलं की तिला लगाम घालणारी प्रत्येक गोळी घातक वाटू लागली. पण रुमॅटॉइड आजारात ही शक्ती दुबळी नसते. ती चुकीच्या दिशेने, स्वतःच्याच सांध्यांवर चालून जात असते. मेथोट्रेक्सेट तुमच्यासारख्या मात्रेत त्या हल्ल्याचा जोर उतरवतं, पण शरीराची सगळी संरक्षणव्यवस्था झोपवत नाही. आणि गंभीर कोविडमध्येही प्रतिकारशक्ती अशीच स्वतःच्या शरीरावर उलटते, हे २०२० मध्येच लक्षात आलं होतं. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो. काही जणांची तब्येत दुसऱ्या आठवड्यात ढासळते, तेव्हा विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची बेफाम प्रतिक्रिया फुप्फुसांचं जास्त नुकसान करते.

म्हणूनच तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. कोविडच्या उपचारात जी औषधं उपयोगी ठरली, त्यातली बरीचशी आमच्या ओपीडीतली होती. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. त्यानंतर टोसिलिझुमॅबचा आणि बॅरिसिटिनिबचा फायदा दिसला. ही दोन्ही मुळात रुमॅटॉइड संधिवाताचीच औषधं. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना डेक्सामेथासोनने काही फायदा झाला नाही, उलट नुकसानीचीच शंका आली. म्हणून घरी ताप अंगावर काढताना कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नये. २०२१ मध्ये आपल्याकडे मधुमेह, कोविड आणि बेहिशेबी स्टेरॉइड एकत्र आले आणि काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो माणसांना गाठलं. काहींचे डोळे गेले, काहींचे जबडे काढावे लागले. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा स्टेरॉइडमुळे तुटला आणि तरुण वयात सांधा बदलायची वेळ आली. तुमच्या पुडीवर मी एवढं का बोलले, ते यावरून लक्षात येईल.

एचसीक्यूचं उलटं झालं. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ती घ्यायचा सल्ला सरकारी पातळीवर दिला गेला आणि लोकांनी दुकानांतून गोळ्यांचे डबेच्या डबे उचलले. ल्युपस या संधिवाताच्याच जातीतल्या आजाराच्या मुली, ज्यांचं मूत्रपिंड या गोळीच्या भरवशावर शाबूत राहतं, त्यांच्यासाठी वडील आणि भाऊ लॉकडाउनमध्ये पोलिसांना चिठ्ठी दाखवत मेडिकलमागून मेडिकल हिंडत होते. पुढे चाचण्यांमध्ये ती कोविडवर निरुपयोगी ठरली. पण म्हणून संधिवाताच्या रुग्णाने ती सोडायचं काहीच कारण नाही. तुमच्यासाठी ती पूर्वी होती तेवढीच कामाची आहे.

तर मग जूनमध्ये तुम्ही काय करायला हवं होतं? गोळ्या थांबवणं ही सर्वस्वी चूक नव्हती. कोविड किंवा कुठलाही जोराचा ताप आला की मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब या संधिवाताच्या गोळ्या आणि टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांसारखी बहुतेक बायोलॉजिक इंजेक्शनं तात्पुरती थांबवायला आम्हीही सांगतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, म्हणजे तुमच्या एक-दोन खेपा चुकल्या असत्या. एचसीक्यू सहसा चालूच ठेवतो. प्रेडनिसोलोन अजिबात बंद करायची नाही, आणि तापात उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर थेट दवाखाना गाठायचा. आजार साधा निघाला, ताप उतरला, खोकला निवळला, की सात ते चौदा दिवसांत थांबवलेली औषधं पुन्हा सुरू करायची. ताप चार दिवसांत उतरला म्हणता, म्हणजे जून संपायच्या आत तुम्ही मूळ मार्गावर यायला हव्या होतात. पंधरवड्याच्या थांब्याचे तीन महिने झाले, तिथे घोटाळा झाला.

ईएसआर ७८ आहे तो या तीन महिन्यांमुळे. कोविडनंतर काही आठवडे ईएसआर आणि दाह दाखवणारी दुसरी तपासणी सीआरपी, हे दोन्ही वाढलेले राहू शकतात, आणि कोविडमुळे संधिवात थोडा उसळतोही. पण चार दिवसांच्या तापाचा हिशेब तीन महिन्यांनी लागत नाही. मेथोट्रेक्सेटचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि दबलेला आजार डोकं वर काढतो. सकाळी दोन तास मूठ न वळणं, बोटांच्या मधल्या पेरांना सूज, ही रुमॅटॉइडची ठरलेली लक्षणं आहेत. अंगात मुरलेल्या कोविडवर खापर फोडून हे घोंगडं भिजत ठेवू नका. सूज अशीच राहिली तर हाडाच्या कडा झिजतात आणि ती झीज नंतर कुठल्याही औषधाने भरून येत नाही. खडू धरण्याचा प्रश्न आज औषधाने सुटू शकतो. वर्ष-दीड वर्ष घालवलंत तर कदाचित सुटणार नाही.

पण जुन्या चिठ्ठीवरची मेथोट्रेक्सेट आज रात्रीच घरच्या घरी सुरू करू नका. आधी रक्ताची संपूर्ण तपासणी, यकृताच्या एसजीपीटीसकट तपासण्या आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन करून घ्या. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते का, कोरडा खोकला राहिला आहे का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. रुमॅटॉइड आजार फुप्फुसालाही धरू शकतो, कोविडही मागे खुणा ठेवू शकतो, आणि क्वचित मेथोट्रेक्सेटनेही फुप्फुसाला सूज येते. अशी तक्रार असेल तर छातीचा एक्स-रे किंवा सीटी आधी, गोळी नंतर. अहवाल ठीक असले तर बहुतेक वेळा पूर्वीचं औषध पूर्वीसारखंच लागू पडतं. गोळीचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज कधीही नाही. मोठ्या खंडानंतर नव्याने सुरू करताना गफलतीने रोज घेणारे आणि रक्तपेशी धोकादायक पातळीला उतरल्यामुळे दाखल झालेले रुग्ण आम्ही पाहतो. फोलिक अॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

गुळवेलीचा काढा मात्र थांबवा. सासूबाई तो मायेने देतात, म्हणून हे जरा समजावून सांगावं लागेल. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते, हाच तिचा लौकिक आहे. तुमच्या आजारात तीच तर आधीच उसळलेली असते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही जणांना कावीळ झाली, यकृताला सूज आली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे, आजार होते. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नव्हता, हेही सांगायला हवं. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, तिथे हा वाद तुमच्या अंगावर सोडवून बघायची गरज नाही. एसजीपीटी करायला जाल तेव्हा काढा किती दिवस घेतला तेही सांगा. सासूबाईंना आल्याचा चहा, गरम वरणभात करू द्या की, त्यात काही बिघडत नाही.

पुन्हा कोविड झाला तर काय, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो पुन्हा होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. ओमायक्रॉननंतरचा आजार बहुतेकांना सौम्यच जातो. तरीही संधिवाताच्या रुग्णाने आपलं नियोजन ताप यायच्या आधी करून ठेवावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या : ताप आला तर यातलं काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, पुन्हा कधी सुरू करायचं आणि फोन कुणाला करायचा. तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा आणि दिरांना दाखवा. काळजी करणाऱ्या माणसाच्या हातात नेमकी माहिती असली की तो गोळ्या बंद करत नाही, वेळेवर देतो.

ताप मोजताना एक लक्षात ठेवा. स्टेरॉइड आणि रोजची वेदनाशामकं तापाचा आकडा दाबून टाकतात. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांमध्ये तर सीआरपीही वाढत नाही. म्हणून आकडा ९९ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. धाप, छातीत दडपण, कमालीचा थकवा, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही दिसलं तर ते तापाइतकंच गंभीर धरा. ऑक्सिमीटर वापरत असाल तर तोही नीट वापरायला हवा. अनेक संधिवात रुग्णांची, विशेषतः स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजाराच्या रुग्णांची बोटं थंडीने पांढरी-निळी पडतात आणि बोटांत रक्त नीट पोचत नसल्यामुळे यंत्र ८६-८८ असे खोटे आकडे दाखवतं. २०२१ मध्ये अशा खोट्या आकड्यांपायी धास्तावलेले फोन रात्री-अपरात्री यायचे. हात कोमट पाण्याने गरम करा, पुसा, नेलपॉलिश काढा, वाकडं बोट सोडून अंगठ्याला किंवा मधल्या बोटाला यंत्र लावा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. मग सहा मिनिटं घरात चालून पुन्हा बघा. नीट घेतलेलं माप ९४ च्या खाली असेल, किंवा चालल्यावर तीन-चारने घसरत असेल, तर वाट बघायची नाही.

मधुमेह किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर कधी कोविडविरोधी गोळ्या देतात. त्यातल्या एका प्रकारात रिटोनाविर असतं आणि ते कॉल्चिसिन, टोफासिटिनिब, सायक्लोस्पोरिन यांची रक्तातली पातळी वाढवतं. तुमच्या औषधांत यातलं काही नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवावं आणि आपली सगळी औषधं समोरच्या डॉक्टरांना दाखवावीत.

लसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींत शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू नव्हता, त्यामुळे आपल्या रुग्णांना त्या देता आल्या. मेथोट्रेक्सेटमुळे लसीला मिळणारा प्रतिसाद थोडा मंदावतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीत बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवणाऱ्यांमध्ये अँटीबॉडी सुमारे दुपटीने जास्त दिसल्या. केरळमधल्या कोचीतही संधिवाततज्ज्ञांनी कोव्हिशील्डबाबत असाच अभ्यास केला. पण दोन आठवडे थांबलं की काहींचा संधिवात उसळतो, म्हणून आजार शांत असेल तरच हे करायचं, आणि तेही विचारून. आज तुमचा आजार शांत नाही. तो आधी आटोक्यात आणा, मग दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांचं वेळापत्रक डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. फ्लूची इंजेक्शनची लसच घ्या, नाकात फवारायची जिवंत लस नको.

ज्यांना रिटुक्सिमॅब मिळतं, त्यांच्यासाठी मला थोडं थांबावं लागेल. इतर बायोलॉजिकपेक्षा ते स्वस्त पडतं, म्हणून आपल्याकडे ते बऱ्याच जणांना दिलेलं असतं आणि अनेकांचं आयुष्य त्याने सावरलंय. पण अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या साखळीलाच ते काही महिने खंडित करतं. अशा रुग्णाला लस फारशी लागू पडत नाही, आणि कोविड झाला तर तो आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो. ताप उतरतो, आठवड्याने पुन्हा चढतो, टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह येते. हे दिसलं तर ‘वातावरण बदललंय’ म्हणून सोडून देऊ नका. लस रिटुक्सिमॅबच्या पुढच्या सलाइनच्या दोन ते चार आठवडे आधी घेतलेली बरी, आणि ती तारीख ठरवताना लसीचा विषय तुम्हीच काढा, कारण घाईच्या ओपीडीत तो राहून जातो.

राहिले तुमचे मिस्टर. कोविडमध्ये आणि नंतर सांधे-अंग दुखणं अगदी सर्रास आढळतं, आणि ते बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. रुमॅटॉइड आजार नवऱ्याला बायकोकडून लागत नाही. क्वचित कोविडनंतर खरोखरचा सांध्यांचा दाह होतो, तोही बराचसा तात्पुरता असतो. पण त्यांचे गुडघे दुखायला तीन महिने झालेत, म्हणून एकदा तपासून घ्या. नुसते दुखतात का सुजलेतही, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात का, हाताच्या छोट्या सांध्यांनाही काही आहे का, हे बघायचं. उतारवयातली गुडघ्यांची झीज असेल, तर कोविडच्या अंथरुणात मांड्यांचे स्नायू लुळे पडल्यामुळेही दुखणं वाढतं आणि व्यायामाने उतरतं. आणि हे पावसाळ्याचे दिवस आहेत, तेव्हा चिकनगुनिया विसरू नका. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने तो भरपूर भोगला आहे आणि त्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने मागे राहते. मधल्या काळात त्यांना पुन्हा एकदा ताप येऊन अंगावर पुरळ उठलं होतं का, हे आठवून बघा. तसं असेल तर चिकनगुनियाची आयजीएम तपासणी सांगितली जाईल.

त्यांची आरए फॅक्टर आणि एएनए ही संधिवाताची रक्ततपासणी मात्र लॅबच्या ‘पॅकेज’मधून स्वतःहून करू नका. संसर्गानंतर या दोन्ही काही काळ थोड्याफार पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि मग नसलेल्या आजाराच्या भीतीने घर पुन्हा हादरतं. डॉक्टरांनी सांधे हाताने तपासून सूज आहे असं सांगितलं, तरच आरए फॅक्टर आणि रुमॅटॉइडसाठीची दुसरी तपासणी अँटी-सीसीपी करावी. तुमच्या भेटीच्या दिवशी त्यांनाही सोबत घेऊन जा आणि त्यांचे गुडघे तिथेच दाखवा. पुडी, जुनी चिठ्ठी, ईएसआरचा कागद आणि कोविडचा रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या.